तलवारीच्या राज्यात बंदूक

टेबलाभोवती चार-पाच मुले, मधे कागद, पेन्सिली आणि नाना बाजूंचे फासे. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण सूत्रधार. तो म्हणतो, ‘‘गुहेच्या तोंडाशी राक्षस उभा आहे. काय करता?’’ मुले आपापली चाल सांगतात, फासा पडतो आणि गोष्ट पुढे सरकते. या जातीचा पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. आता तो आपल्याकडच्या मुलांच्याही हाती आला आहे.

या खेळात एक जुने भांडण आहे. अजगर उडालेला चालतो, मांत्रिकाच्या बोटातून आग निघालेली चालते. पण कुणी बंदूक मागितली की बाकीचे म्हणतात, ‘‘छे, हे खरे वाटत नाही!’’ हसण्यावारी नेण्याजोगी ही तक्रार नाही. तिच्या पोटात दोन शंका आहेत. तलवारीच्या काळात बंदूक कुठली, ही पहिली. बंदूक आली की शौर्याला काय किंमत उरली, ही दुसरी.

पहिलीचे उत्तर आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरच आहे. तिथे मावळ्याच्या हाती ढाल-तलवार असते आणि बुरुजावर तोफ. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळा वेढला, तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून गडावर मारा केला. त्याच वेढ्यातून महाराज निसटले आणि खिंडीत बाजीप्रभू तलवारीने लढले. तोफ आणि तलवार एकाच गोष्टीत, एकाच पावसाळ्यात.

दुसरी शंका अधिक खोल आहे. १७६१ साली पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि लढाईचा रंगच पालटला. गोळी समोरच्याचे कूळ विचारत नाही, हे खरे. पण १६६५ साली पुरंदरावर तोफा धडाडत असताना मुरारबाजी कशाने पडले? सभासद बखर सांगते, दिलेरखानाच्या बाणाने. दुरून येणारा मृत्यू बंदुकीने आणला नाही. तो आधीपासूनच होता. आणि म्हणून मुरारबाजींचे शौर्य कमी झाले, असे कोण म्हणेल?

मग खेळातले खोटे कुठे आहे? ते नियमांत आहे. या खेळाच्या २०१४ च्या नियमांत बंदूक ऐच्छिक होती; २०२४ च्या पुस्तकात ती शस्त्रांच्या मुख्य यादीत आली. लांब तलवारीच्या घावाला आठ बाजूंचा फासा, लांब बंदुकीच्या गोळीला बारा बाजूंचा. इथवर ठीक. पण एक फेरी सहा सेकंदांची, आणि गडी दर फेरीला बार काढू शकतो!

कुहीसारख्या जंगलाकाठच्या तालुक्यातल्या जुन्या शेतकऱ्याला हे सांगून पाहा. रानडुकरांपासून पीक राखणारी भरमार बंदूक इकडे अनोळखी नाही. नळीत दारू ओतायची, बोळा कोंबायचा, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे. एवढे होईतो डुक्कर बांध ओलांडून पार. त्यात दारू दमट झाली असेल तर नुसताच धूर.

दारूची ही काळजी राज्यकर्त्यांनाही होती. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र दारूखाना घरांपासून दूर ठेवायला सांगते आणि आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून उन्ह दाखवायलाही सांगते. आणि निष्काळजीपणा नसला तरी नशीब असतेच. कुहीहून चाळीसेक किलोमीटरवरच्या सीताबर्डीला नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी लहान टेकडी जिंकली होती. तेवढ्यात त्यांच्याजवळचा दारूगोळ्याचा गाडा उडाला. उडालेल्या गोंधळात इंग्रजांच्या शिपायांनी टेकडी परत घेतली. फासा असा पडतो.

जन्मभर बँकेच्या खतावण्या पाहिलेल्या माणसाला वाटते, ते एवढेच. मुलांना बंदूक जरूर द्या, पण जमेबरोबर खर्चही मांडायला लावा. दारू कुणी आणली? शिसे कुठून आले? ओढा ओलांडताना पिशवी कोरडी कशी राहिली? बार फुकट गेला तर पुढे काय? आणि गोळी लागली, तर तो कोण होता, त्याच्या घरी कोण आहे?

शेवटचा प्रश्न बहुतेक खेळांत कुणी विचारत नाही. सिनेमात तर मुळीच नाही. तिथे बार अखंड सुटतात आणि माणसे निनावी पडतात. घरातल्या टेबलावर मात्र सूत्रधार क्षणभर खेळ थांबवून तो विचारू शकतो. फासे खाली ठेवून मुले विचारात पडली, तर तो रविवार वाया गेला असे समजू नये.