लाकडी फरशीचा हिशेब : फळ्या किती मागवाव्यात?

घराला लाकडी फरशी बसवताना अनेकजण खोलीचे क्षेत्रफळ काढून तेवढ्याच फळ्या मागवतात. काम शेवटच्या ओळीपर्यंत येते आणि माल संपतो. नंतर मागवलेल्या फळ्या दुसऱ्या उत्पादन-खेपेच्या असतील, तर रंगातील फरक कायमचा नजरेत खुपतो. म्हणून नासधुशीची तजवीज आरंभीच करावी लागते.

समजा, खोली 4.5 मीटर लांब व 3.6 मीटर रुंद आहे आणि तिला 1.2 × 0.6 मीटरचा कोनाडा आहे. क्षेत्रफळ 16.2 अधिक 0.72, म्हणजे 16.92 चौरस मीटर होते. एका खोक्यात 2.2 चौरस मीटर माल असेल, तर भागाकार 7.69 येतो. आठ खोकी पुरेशी वाटतात. पण त्यांत जेमतेम चार टक्के माल जादा उरतो.

नासधूस होते ती अशी. प्रत्येक ओळीची शेवटची फळी कापावी लागते. उरलेला तुकडा पुढच्या ओळीच्या प्रारंभी लावता येतो. मात्र तो फार आखूड असेल किंवा लगतच्या ओळींचे सांधे जवळजवळ येत असतील, तर बाद करावा लागतो. शेवटची ओळ बहुधा उभी चिरावी लागते. गाठी, तडे वा तुटलेल्या कडा असलेल्या फळ्या वेगळ्या निघतात.

भिंतीला समांतर मांडणीसाठी साधारण 10 टक्के, तिरप्या मांडणीसाठी 15 टक्के, तर माशाच्या काट्यासारख्या नक्षीसाठी 15 ते 20 टक्के जादा माल धरण्याची पद्धत आहे. तिरप्या मांडणीत प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना त्रिकोणी तुकडे वाया जातात, हे त्यामागचे कारण. वरील खोलीला 10 टक्के धरल्यास 18.61 चौरस मीटर, म्हणजे नऊ खोकी लागतात. 15 टक्के धरले तरी नऊच पुरतात. 20 टक्क्यांना मात्र दहा. खोक्यांची संख्या नेहमी वरच्या पूर्णांकात घ्यावी.

मोजमापातही दक्षता हवी. खोलीची रुंदी दोन-तीन ठिकाणी मोजून मोठे माप धरावे. जुन्या घरांच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. खोक्यावर चौरस फूट लिहिले असल्यास 1 चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट, हे ध्यानात ठेवावे. भिंतीलगत फुगवट्यासाठी सोडायची फट क्षेत्रफळातून वजा करू नये.

गोव्याच्या पावसाळी दमट हवेत लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे उत्पादकाच्या सूचनेनुसार खोकी काही दिवस त्याच खोलीत ठेवून मगच काम सुरू करावे. काम संपल्यावर उरलेल्या चार-सहा अखंड फळ्या परत न करता कोरड्या जागी जपाव्यात. गळतीने वा वाळवीने एखादी फळी खराब झाल्यास त्याच रंगाची फळी घरातच मिळेल.