शटरच्या दोन फळ्या

कॅमेऱ्याच्या लेन्सपेक्षा त्याच्या शटरने मला नेहमीच जास्त ओढ लावली. सुरुवातीच्या काळात शटरची फारशी गरजच नव्हती. काचेवरचं रसायन इतकं मंद असायचं, की फोटोग्राफर लेन्सचं टोपण हाताने काढायचा, मनात आकडे मोजायचा आणि टोपण परत लावायचा. भरधाव घोड्यापुढे हा हात थिटा पडला.

धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, हे फोटोतून दाखवायचा खटाटोप फोटोग्राफर एडवर्ड मायब्रिजने घोड्यांचा मालक लेलँड स्टॅनफर्ड याच्यासाठी केला, ती ही गोष्ट. (तिला चिकटलेल्या पंचवीस हजार डॉलरच्या पैजेला पुरावा नाही, तेव्हा ती सोडून देऊ.) १८७२मधले पहिले प्रयत्न, मग मायब्रिजने पत्नीच्या प्रियकराचा केलेला खून, १८७५मधली निर्दोष सुटका, मध्य अमेरिकेचा प्रवास. १८७७मध्ये त्याने 'ऑक्सिडेंट' या घोड्याचं जे चित्र प्रसिद्ध केलं, त्यात रंगकामाचा हात होता आणि लोकांना ते पटलं नाही. म्हणूनच १५ जून १८७८ रोजी कॅलिफोर्नियात पालो आल्टोला स्टॅनफर्डच्या तबेल्यावर पत्रकारांना बोलावून त्यांच्यादेखत फोटो काढले गेले.

एका रांगेत बारा कॅमेरे आणि प्रत्येकासमोर शटर. या शटरच्या दोन फळ्या, दोन्हींना खाच. रबराच्या ताणाने एक वर सरकते, दुसरी खाली. खाचा एकमेकींसमोरून जातात तेवढाच वेळ काचेवर प्रकाश पडतो. हा वेळ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी, असा मायब्रिजचा दावा होता. ताणलेल्या फळ्या अडवून धरायला खिट्टी आणि ती सोडवायला विद्युतचुंबक. गाडी ओढणाऱ्या 'एब एजिंग्टन' या घोड्याच्या वेळी चाक जमिनीवरच्या तारांवरून गेलं आणि विजेचं मंडल पूर्ण झालं. 'सॅली गार्डनर' घोडीच्या वाटेत शटर सोडवण्यासाठी आडवे दोरे बांधले होते. धावताना तिच्या खोगिराचा पट्टा तुटला आणि तोही काचेवर उमटला. असा अपघात कोणी आधी रंगवून ठेवू शकत नाही, हे पत्रकारांनी ओळखलं. चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, हेही दिसलं. शतकानुशतकं चित्रकार ते पुढेमागे ताणलेले रंगवत आले होते.

आता या खिट्टीचं. स्टॅनफर्ड सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष. शटर विजेने सोडण्याचा प्रश्न त्याच्या रेल्वेचा इंजिनिअर आर्थर ब्राउन याच्याकडे गेला आणि ब्राउनने तो जॉन डी. आयझॅक्स या तरुण इंजिनिअरवर सोपवला. चुंबकाची जुळणी आयझॅक्सची. मार्च १८७९मध्ये मायब्रिजला या यंत्रणेची दोन पेटंटं मिळाली. त्यांवर नाव एकट्या मायब्रिजचं आहे. मला हे गैर वाटतं. विजेची ती खिट्टी नसती, तर बारा कॅमेऱ्यांची रांग घोड्याच्या वेगाला पुरी पडली नसती.

१८८२मध्ये 'द हॉर्स इन मोशन' हे पुस्तक निघालं. लेखक म्हणून नाव होतं स्टॅनफर्डचा मित्र डॉ. जे. डी. बी. स्टिलमन याचं. आतली चित्रं मायब्रिजच्या छायाचित्रांवरून केलेली, पण मुखपृष्ठावर त्याचं नाव नव्हतं. त्या वेळी तो लंडनमध्ये होता, रॉयल सोसायटी त्याचा निबंध छापणार होती. पुस्तक तिथे पोहोचलं आणि मूळ काम मायब्रिजचंच का, या शंकेने सोसायटीने निबंध थांबवला. मायब्रिजने स्टॅनफर्डवर दावा लावला, तो फेटाळला गेला. त्या प्रकरणात आयझॅक्सचीही साक्ष झाली आणि तबेल्यावर कोणी काय केलं, हे कारागिरांच्या तोंडून नोंदलं गेलं. कज्ज्याचा निकाल विसरला तरी चालेल, या साक्षी मात्र मोलाच्या आहेत.

पुढे १९२६मध्ये टेरी रॅमसे या अमेरिकन लेखकाने चित्रपटाच्या इतिहासात आयझॅक्सला उचलून धरलं आणि मायब्रिजला जवळपास बाहेर काढलं. तेही मला मान्य नाही. ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे ओलं रसायन लावलेल्या काचा उघड्या मैदानात तयार करून, सुकण्याआधी धुऊन काढणं हे रेल्वेच्या इंजिनिअरचं काम नव्हतं. शिवाय आकाश आणि जमीन यांना वेगवेगळा वेळ प्रकाश मिळावा, म्हणून लेन्ससमोर सरकणारी फळी बसवायची युक्ती मायब्रिजने १८६९मध्येच छापून सांगितली होती. फळ्यांची कल्पना त्याची, विजेची खिट्टी आयझॅक्सची. पेटंटावर दोन्ही नावं हवी होती.