एका नदीभोंवतीं पदवीचा अभ्यासक्रम

पर्यावरणाविषयींची आस्था आणि पर्यावरणाचें शास्त्र या दोन निराळ्या वस्तु आहेत. नदी मलिन झाली म्हणून हळहळणें कोणाही सुजाण माणसास साधतें. परंतु ती किती मलिन झाली, कशानें झाली आणि ती पुन्हां स्वच्छ करण्यास कोणास भाग पाडतां येईल, हें सांगावयास शिक्षण लागतें. बारावी उत्तीर्ण झालेली मुलगी पर्यावरणशास्त्राची पदवी घेण्याचा मनोदय बोलून दाखविते, तेव्हां घरांतील वडील माणसें महाविद्यालयाचें नांव विचारतात, शुल्काची चौकशी करतात. तीन-चार वर्षांत कोणते विषय, कोणत्या क्रमानें घ्यावयाचे, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः त्या पदवीचें मोल बव्हंशीं याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतें.

येथें एक घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. एम. सी. मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं पर्यावरणाचें शिक्षण अनिवार्य करण्याविषयीं निर्देश दिले आणि २००३ सालीं त्यांची अंमलबजावणी व्हावी म्हणून पुन्हां आदेश काढले. त्यांस अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगानें सर्व शाखांच्या पदवीविद्यार्थ्यांकरितां सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम आंखला. त्याचें पाठ्यपुस्तक पुण्याचे एरच भरुचा यांनीं लिहिलें. वाणिज्य शाखेचा विद्यार्थीहि हा विषय शिकतो. त्याचा हेतु सुजाण नागरिक घडविण्याचा आहे, तज्ज्ञ घडविण्याचा नव्हे. पदवीचा अभ्यासक्रम म्हणजे याच पुस्तकाची लांबविलेली आवृत्ति, अशी समजूत करून घेणाऱ्याची पुढें निराशा होते.

आयोगानें २०२२ च्या डिसेंबरांत जाहीर केलेल्या आराखड्याप्रमाणें तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक, म्हणजे बोलीभाषेंतील क्रेडिट, आणि चार वर्षांच्या पदवीस किमान १६० श्रेयांक लागतात. तीन वर्षांच्या पदवींत मुख्य विषयास निदान ६० व गौण विषयास २४ श्रेयांक राखलेले असतात. उरलेले भाषा, कौशल्यें, इतर शाखांची ओळख व उन्हाळी प्रशिक्षण यांत वांटले जातात. निरनिराळीं विद्यापीठें यांत थोडाफार फेरफार करतात, म्हणून आपल्या विद्यापीठाचें पत्रक पाहून घ्यावें. व्याख्यानाचा एक श्रेयांक सत्रांत १५ तासांचा, तर प्रात्यक्षिकाचा ३० तासांचा असतो. जो विद्यार्थी केवळ व्याख्यानांचे विषय वेंचतो, त्याचे तास वांचतात खरे. पण प्रयोगशाळेंत व नदीकांठीं घालवावयाचा वेळच त्यांत कमी होतो.

विषयांचा क्रम कसा ठरवावा, हें एका नदीवरून चांगलें कळेल. पुण्याची मुठा घ्या. तिच्या पाण्यांत सेंद्रिय घाण किती, हें ठरविण्यासाठीं जैवरासायनिक प्राणवायुमागणी मोजतात. पाण्याचा नमुना बाटलींत बंद करून अंधारांत ठेवतात. जुन्या रूढ पद्धतींत २० अंश सेल्सिअसवर पांच दिवस, तर भारतीय पद्धतींत २७ अंशांवर तीन दिवस. तेवढ्या काळांत सूक्ष्म जंतु घाण खातात आणि पाण्यांत विरघळलेला प्राणवायु वापरतात. आरंभींच्या व अखेरच्या प्राणवायूंतील फरकावरून घाणीचा अंदाज निघतो. स्नानयोग्य पाण्यांत ही मागणी लिटरमागें ३ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावी, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे.

आतां या एवढ्याशा बाटलीस किती विद्या लागल्या तें पाहावें. प्राणवायु मोजण्यास रसायनशास्त्र. जंतूंचा व्यापार कळण्यास जीवशास्त्र. एका बाटलीवरून नदीविषयीं कितपत बोलतां येईल हें समजण्यास संख्याशास्त्र. नमुना शहराच्या वर घ्यावा कीं खालीं, हें ठरविण्यास भूगोल. आणि निघालेला आंकडा कोणापुढें ठेवावा हें कळण्यास १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा व १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. यावरून क्रम आपोआप निघतो. पहिल्या वर्षीं रसायन, जीवशास्त्र, गणित व भूविज्ञान यांचा पाया. दुसऱ्या वर्षीं परिसंस्थाशास्त्र, जलविज्ञान, संख्याशास्त्र व संगणकावरील नकाशाविद्या. तिसऱ्या वर्षीं कायदा, अर्थशास्त्र व प्रकल्पांच्या परिणामांचें मूल्यमापन. गणिताच्या भीतीनें पहिल्या वर्षीं संख्याशास्त्र टाळणारा विद्यार्थी तिसऱ्या वर्षीं दुसऱ्याच्या आंकड्यांवर विसंबून राहतो.

दुसरी गोष्ट ऋतूंची. महाविद्यालयाचें वर्ष पावसाबरोबर सुरू होतें आणि परीक्षा आटोपल्या कीं उन्हाळ्याची सुट्टी लागते. नदीस मात्र सुट्टी नसते. एप्रिल-मे महिन्यांत खडकवासल्याच्या खालीं नैसर्गिक प्रवाह अगदीं क्षीण होतो, आणि ऊन पाण्यांत प्राणवायु मुळांतच कमी विरघळतो; म्हणजे नदीचे सर्वांत वाईट दिवस नेमके सुट्टींत येतात. उलट साताऱ्याजवळच्या कास पठारावरील फुलें पाहावयाचीं तर तीं पावसाळ्याच्या उत्तरार्धांतच सांपडतात. यासाठीं प्रबंधाचा विषय शेवटच्या सत्रांत शोधूं नये. तो निदान एक वर्ष आधीं निश्चित करून उन्हाळी प्रशिक्षण त्यालाच जोडून द्यावें. एकाच ऋतूंत घेतलेले नमुने वर्षाचें चित्र दाखवूं शकत नाहींत.

तिसरी गोष्ट खोलीची. या शास्त्राचा परीघ इतका मोठा कीं विद्यार्थ्यास सर्वांतलें थोडें येतें आणि पुरतें कांहींच येत नाहीं, अशी अवस्था सहज होते. तिच्यावर उपाय गौण विषयाचा. ते २४ श्रेयांक आठ ठिकाणीं न उधळतां रसायन, वनस्पतिशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र यांपैकीं एकांतच घालावे. नोकरी देणारा प्रथम विचारतो तें हेंच कीं उमेदवारास स्वतः काय करतां येतें.

हा प्रश्न केवळ नोकरीचा नाहीं. २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांस मंजुरीपूर्वीं जनसुनावणी घ्यावी लागते आणि तिची निदान तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. त्या तीस दिवसांत जाडजूड अहवाल वाचून त्यांतील उणीव दाखविणारें कोणी गांवकऱ्यांच्या बाजूस नसलें, तर त्यांची तक्रार केवळ तक्रारच राहते. २०१० च्या कायद्यानें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण निर्माण झालें व त्याचें पश्चिम विभागाचें पीठ पुण्यास आहे. पण तेथेंहि कळकळीस पुराव्याची जोड लागते. नमुना चुकीच्या जागीं घेतला, तर खरें दुःखहि सिद्ध होत नाहीं.

म्हणून प्रवेशाच्या वेळीं घरांतल्यांनीं मुलाबरोबर बसून सहा किंवा आठ सत्रांचा एक तक्ता कागदावर मांडावा. प्रत्येक विषयापुढें दोन गोष्टी लिहाव्या: त्याच्या आधीं काय येणें अवश्य आहे आणि त्याच्यानंतर काय करतां येईल. ज्या विषयापुढें दुसरा रकाना रिकामा राहील, त्याचा फेरविचार करावा. एवढी तजवीज आरंभींच झाली, तर पदवी हातीं येईल तेव्हां विद्यार्थ्यास निदान एका नदीचें म्हणणें पुराव्यानिशीं मांडतां येईल.