बुलेट उचलायची, पण कशावर?

जुन्या कास्ट आयर्न बुलेटखाली वाकून पाहा. इंजिनाखालून जाणारा फ्रेमचा पाइप तिथे नाहीच. हँडलखालून उतरणारा एकुलता पाइप इंजिनाच्या पुढच्या पट्ट्यांशी थांबतो. तिथून मागे फ्रेमचं काम खुद्द क्रँककेस करते. इंग्लंडातल्या रेडिचची ही मांडणी १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिल्यावरही टिकली. त्यामुळे घरी जॅक लावायचा तो थेट ॲल्युमिनियमच्या केसला, आणि तिच्या तळाशी तर ऑइलचे ड्रेन प्लग. जॅकचं लोखंडी तोंड तिथे टेकलं, तर आटे जातात नाहीतर केसला तडा जातो. मध्ये जाड लाकडी फळी हवी, आणि प्लग येतो तिथे फळीला खाच.

ॲक्सलचे नट आणि घट्ट बसलेलं बाकी सगळं दोन्ही चाकं जमिनीवर असतानाच ढिलं करून घ्यावं. दीडशे किलोंहून जड गाडी अधांतरी असताना लांब पान्याला हिसका देणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. पेट्रोल कॉकही तेव्हाच बंद करावा.

डबल स्टँडला ताकद लागते, हा समज मला पटत नाही. स्टँडचे दोन्ही पाय फरशीला एकदम टेकले की नाहीत, हे तळपायाला कळतं. टेकले की सगळं वजन स्टँडच्या दांडीवर टाकायचं. हातांनी नुसती गाडी सरळ धरायची. ती आपोआप मागे सरकत चढते.

खरा धोका त्यानंतरचा. गाडी पुढे ढकलली की डबल स्टँड मिटतो, त्याची रचनाच तशी आहे. काम करता करता गाडीला पुढे धक्का बसला, तर ती अंगावर येऊ शकते. म्हणून स्टँडच्या आडव्या दांडीतून रॅचेटचा पट्टा घेऊन तो पुढच्या पाइपाला ताणून बांधावा. या एका पट्ट्याइतका स्वस्त विमा दुसरा नाही.

पुढचं चाक काढायचं तर केसच्या पुढच्या भागाखाली जॅक लावतात. दांडा मारत राहिलं तरी चाक बराच वेळ जमिनीला चिकटून राहतं, कारण दबलेल्या फोर्कच्या स्प्रिंगा आधी मोकळ्या होतात. इथे घाई नको. चाक सुटलं की फळीखाली भक्कम लाकडी ठोकळे रचून भार त्यांच्यावर उतरवावा. हायड्रॉलिक जॅकचं सील गळलं की तो खाली बसतो, त्याच्या भरवशावर गाडी रात्रभर ठेवू नये. विटाही नकोत, वीट इशारा न देता फुटते.

कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत पुढच्या मडगार्डची खालची सळई सोडून खाली वळवली की तिचाच पुढचा स्टँड व्हायचा. चाक काढणं हे चालवणाऱ्याचंच काम, हे धरून केलेली ती सोय मला फार आवडते. बुलेटवाल्याला ती ठोकळ्यांनी करावी लागते. ॲक्सल ओढण्याआधी हँडल आणि सीट धरून गाडी चारही बाजूंनी हलवून पाहावी. जरा जरी डुलली, तर ठोकळे पुन्हा रचावेत.