जुनी गाडी महाग का? चपलांच्या खोक्यावरून घेतलेला पाठ



नफा-तोटा शिकवताना आपण काय सांगतो? वस्तू वापरली की किंमत उतरते. आमच्या मळवलीच्या वर्गात एका मुलाने यालाच हरकत घेतली. त्याचे वडील गाड्यांचं डेंटिंग करतात. एका ओळखीच्याने त्यांना विक्रीला निघालेल्या गाडीचा फोटो पाठवला होता. छत उघडणारी जर्मन फोक्सवॅगन बीटल, पूर्ण रिस्टोअर केलेली. "बाई, गाडी आजोबांच्या वेळची आणि किंमत नव्या गाडीपेक्षा जास्त, असं कसं?"

एक कारण सरळ आहे. साध्या बीटल जगात दोन कोटींहून जास्त बनल्या. छत उघडणारी बीटल मात्र जर्मनीत ओस्नाब्रुकच्या कारमान कारखान्यात १९४९ ते १९८० या काळात बनली, ती साधारण सव्वातीन लाख. वस्तू दुर्मिळ, मागणी टिकून, मग किंमत चढणारच.

दुसरं कारण सांगायला मी चपलांचा खोका घेतला. झाकण लावून पिळला, हलेना. झाकण काढलं तर लगेच मुरडला! गाडीचं छत म्हणजे हे झाकण. म्हणून कारमानवाले दारांखालच्या पट्ट्यांना जादा पत्रा लावून मजबुती द्यायचे. आणि गंज नेमका तिथेच धरतो. आपल्या मावळातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. तो पत्रा कुजला की गाडी मधून खचते, दारं नीट लागत नाहीत. रिस्टोअर करणं म्हणजे हा कुजका पत्रा कापून नवा बसवणं. हे हाताचं काम, महिनोन्‌महिने चालतं. काही जण मात्र वरून पुट्टी भरतात आणि चकचकीत रंग मारतात. फोटोत दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात!

फरक कळतो चुंबकाने. पत्र्याला चुंबक घट्ट चिकटतं, जाड पुट्टीवर घसरून पडतं. पत्र्याच्या डब्यावर पुट्टी लावून हा प्रयोग वर्गात जरूर करा.

मूळचं किती उरलंय यावरही किंमत ठरते. आमच्या मुलांनी कार्ल्याचं लेणं पाहिलेलं आहे, तिथल्या चैत्यगृहाच्या छतातल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मूळच्याच आहेत. त्या बदलून नव्या बसवल्या तर? मुलं एका सुरात "नको!" म्हणाली.

पालकांसाठी एक गोष्ट. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, फारसा बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यापुरतीच. हे आधी कळलेलं बरं.

रविवारी त्या मुलाचे वडील गाडी बघायला जाणार आहेत. शाळेच्या विज्ञान पेटीतलं चुंबक त्याच्याकडे दिलंय, सोमवारी परत आणायच्या अटीवर.