बाटलीच्या तळाचा साका

घरी केलेल्या बिअरची बाटली उजेडात धरली की तळाशी मळकट पांढरा थर दिसतो आणि नव्याने बिअर करू लागलेला माणूस हबकतो. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरसाठी परवान्याची अट गेली, अमेरिकेत १९७८च्या कायद्याने वाट मोकळी झाली, आणि तिथे हा छंद रुजला. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही.) त्या थराची भीती मात्र चुकीच्या जागी धरलेली आहे. तो साका बहुतेक वेळा यीस्टचा असतो, आणि बाटलीत फेस येतो तो त्याच यीस्टच्या कामामुळे. बाटलीत भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात. बिअरमध्ये उरलेले यीस्ट ती खाते, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो बंद झाकणाखाली बिअरमध्ये विरतो आणि खाणे संपले की यीस्ट खाली बसते. दुकानातली बिअर नितळ असते, कारण ती बहुधा गाळून, बाहेरून वायू भरून येते. बव्हेरियातली गव्हाची बिअर ओतताना तर शेवटचा घोट बाटलीत घुसळून साक्यासकट ग्लासात घेतात.

यावर रास्त आक्षेप असा, की नको ते जिवाणूही तळाशी बसू शकतात, मग साका निर्दोष कसा म्हणायचा? नुसत्या डोळ्यांना तो भेद दिसत नाही, हे खरेच. बिघडलेल्या बिअरमध्ये यीस्टसोबत दुसरे जीवही असतात, हे लुई पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १८७६च्या आपल्या ग्रंथात मांडले. घरी सूक्ष्मदर्शक नसतो, म्हणून निवाडा साक्यावरून न करता बिअरमध्ये काय बदलत गेले त्यावरून करावा. पृष्ठभागावर सुरकुतलेली पांढरी साय धरली असेल, तर संशय पक्का. ताकासारखा आंबट वास आला, तर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आठवावेत. व्हिनेगरचा आला, तर हवा कुठून शिरली ते शोधावे, कारण व्हिनेगर करणारे जिवाणू हवेशिवाय वाढत नाहीत.

सगळ्यात बोलका पुरावा हायड्रोमीटर देतो. एक बाटली उघडून बिअर दोन भांड्यांत वरखाली ओतून वायू काढून टाकावा आणि घनता मोजावी. भरताना १.०१२ होती आणि आज १.००४ निघाली, तर बाटलीत बरीच साखर नंतर खाल्ली गेली. म्हणजे एक तर आंबवणे पुरते होण्याआधीच भरण्याची घाई झाली, किंवा नेहमीच्या यीस्टला न पचणारी साखर पचवणारे रानटी यीस्ट आत शिरले. एवढ्यावर दोष कुठला ते ठरत नाही, म्हणून आणखी तीन-चार बाटल्या तपासाव्यात. एकच बिघडली असेल, तर ती बाटली बहुधा नीट धुतली गेली नव्हती. सगळ्याच बिघडल्या असतील, तर एक तर भरण्याची घाई झाली, किंवा बिअर आंबवण्याच्या पिंपाच्या तोटीत वा नळीत घाण अडकलेली असते. तोटी सुटी करून घासावी लागते. साबणाने धुणे आणि जंतू मारणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मळ राहिला तर जंतुनाशकाचा उपयोग होत नाही.

बिघडलेली बिअर प्यायली तर विषबाधा होईल का, हा दुसरा प्रश्न. हॉप्स, अल्कोहोल आणि आम्लता यांच्यापुढे माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा टिकत नाहीत. बिघडलेली बिअर बहुधा बेचव असते, घातक नव्हे. बुरशी दिसली तर मात्र ती ओतूनच द्यावी. खरा धोका काचेचा आहे. साखर खाल्ली जात राहिली की वायू वाढत जातो आणि बाटली फुटते. म्हणून झाकण उघडताच फेस उसळला, तर बाकीच्या बाटल्या हलवण्याआधी जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा चढवावा, त्या झाकणाच्या खोक्यात ठेवून फ्रिजमध्ये गार कराव्यात आणि पुरत्या गार झाल्यावर, तोंड स्वतःपासून दूर धरून, एकेक करून उघडाव्यात.