एक माणूस, किती रकाने?

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत १९२० च्या सुमाराला जन्मलेला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. आईवडील मेक्सिकोतून आलेले. मुलगा तिथंच वाढला, तिथंच त्यानं संसार केला, तिथंच म्हातारा झाला. ना गाव सोडलं, ना आडनाव बदललं. १९३० साली जनगणनेचा प्रगणक दारात आला आणि त्यानं वंशाच्या रकान्यात लिहिलं, 'मेक्सिकन'. दहा वर्षांनी आलेल्या प्रगणकाला हुकूम होता, की मेक्सिकन माणूस उघडउघड मूळनिवासी किंवा दुसऱ्या वंशाचा नसेल तर 'गोरा' लिहा. मधल्या काळात मेक्सिकोच्या सरकारनं आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन संघटनांनी आरडाओरडा केला होता. साहजिकच आहे. तेव्हाच्या कायद्यात 'गोरा नाही' हा शिक्का थेट नागरिकत्वाच्या मुळावर येऊ शकत होता.

१९५० साली आपला माणूस गोराच राहिला, पण जनगणना कचेरीत स्पॅनिश आडनावांची यादी आली होती. त्या यादीत आडनाव सापडलं की नोंदीवर वेगळी खूण. युक्ती नामी, पण गंमत बघा. गार्सियांची मुलगी स्मिथांच्या घरी दिली की यादीतून गेली आणि स्मिथांची मुलगी गार्सियांची सून झाली की यादीत आली! शिवाय ही खूण नैऋत्येच्या पाच राज्यांपुरतीच होती, त्यामुळे न्यूयॉर्कमधले पोर्तोरिकन या जाळ्यात येतच नव्हते.

१९७० मध्ये पहिल्यांदा माणसालाच त्याचं मूळ विचारलं गेलं, तेही फक्त पाच टक्के घरांना. पर्यायांत एक होता 'मध्य किंवा दक्षिण अमेरिकन'. अमेरिकेच्याच मधल्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कित्येकांनी तो वाचला आणि निष्पापपणे खूण करून टाकली, कारण त्यांच्या लेखी ते दक्षिणेतले अमेरिकनच होते! १९८० पासून हा प्रश्न प्रत्येक घराला विचारला जाऊ लागला. सॅन अँटोनियोचा तो माणूस आता साठीला आला होता आणि अखेर 'हिस्पॅनिक', म्हणजे स्पॅनिशभाषक मुलखातल्या मुळाचा, झाला होता.

वंशाचा रकाना मात्र वेगळाच राहिला. त्यामागं तर्क आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकातला काळा, ग्वाटेमालातला माया, अर्जेंटिनातला इटालियन रक्ताचा गोरा आणि पेरूतला जपानी वंशाचा, हे सगळे हिस्पॅनिक असू शकतात. तेव्हा आधी मूळ सांगा, मग वंश. पण कागदावरचा हा तर्क लोकांच्या गळी उतरेना. वंशाच्या प्रश्नापाशी येऊन लाखो लोक 'इतर' वर खूण करत आणि शेजारी सरळ 'मेक्सिकन' लिहून मोकळे होत.

२०२० चे आकडे बघून तर मी थक्क झालो. हिस्पॅनिक ६ कोटी २१ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के. त्यांतले फक्त 'गोरे' म्हणून नोंदलेले २०१० मध्ये २ कोटी ६७ लाख होते, ते १ कोटी २६ लाखांवर आले. दोन किंवा अधिक वंशांचे हिस्पॅनिक ३० लाखांवरून २ कोटी ३ लाखांवर गेले. दहा वर्षांत एवढी माणसं कुठून येणार? बराचसा फरक कचेरीतला होता. पूर्वी हातानं लिहिलेल्या उत्तराची पहिली ३० अक्षरं टिपली जात, या खेपेला २०० टिपली. गोऱ्यावर खूण करून कुणी खाली काही जास्तीचं लिहिलं असेल, तर तेही आता मोजलं गेलं.

ब्राझीलवाल्यांची कथा याहून न्यारी. त्यांची भाषा पोर्तुगीज, म्हणून सरकारी व्याख्येत ते हिस्पॅनिक नाहीत. कुणी हिस्पॅनिकवर खूण करून 'ब्राझिलियन' लिहिलं, की कचेरी गुपचूप ती खूण काढून टाकते. २०२० च्या वार्षिक सर्वेक्षणात ही छाटणी चुकून राहून गेली आणि किमान ४ लाख १६ हजार ब्राझिलियन हिस्पॅनिक म्हणून आकड्यांत उमटले. आदल्या वर्षी ते होते जेमतेम १४ हजार! दरवर्षी किती जणांचं म्हणणं पुसलं जात होतं, हे त्या चुकीमुळं कळलं.

आपली माणसंही यातून सुटलेली नाहीत. १९२० ते १९४० च्या जनगणनांत 'हिंदू' हा चक्क वंश होता, पंजाबातून गेलेल्या शिखालाही तोच लागू. १९७० मध्ये भारतीय 'गोरे' ठरले. म्हणजे तेव्हा तिकडं असलेला पुण्याचा डॉक्टर सरकारदरबारी गोरा होता! 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र रकाना मिळाला १९८० मध्ये, तोही तिथल्या भारतीयांनी पाठपुरावा केल्यावर.

हा नुसता कारकुनी खेळ नव्हे. प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागा याच शिरगणतीवर वाटल्या जातात, आणि २०२० मध्ये आणखी ८९ डोकी मोजली गेली असती तर न्यूयॉर्कची एक जागा वाचली असती. त्याच जनगणनेत हिस्पॅनिक लोक जवळपास पाच टक्क्यांनी कमी मोजले गेले, हे नंतरच्या पडताळणीत कचेरीनंच कबूल केलं.

मार्च २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलले. मूळ आणि वंश असे दोन प्रश्न न विचारता आता एकच प्रश्न, लागू पडतील तितक्या खुणा करा. नुसत्या 'हिस्पॅनिक' वर खूण करून थांबलं तरी चालेल. बहुतेकांना हे सोयीचं वाटेल. काळ्या हिस्पॅनिकांमधल्या काही अभ्यासकांचा मात्र याला विरोध आहे. वंश वेगळा विचारलाच नाही तर आपली माणसं एकाच खुणेवर थांबतील आणि काळे म्हणून मोजलीच जाणार नाहीत, ही त्यांची धास्ती आहे. ती किती खरी, ते २०३० च्या आकड्यांत दिसेल.